२०७ क्रमांकाच्या घरात कोणता पाऊस?

प्रश्न : मी महापालिकेच्या जकात खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं दहिसर नाक्यावर गेली, राहायलाही दहिसर पूर्वेलाच आहे. धाकटी मुलगी एम.एस्सी.ला आहे. तिला आणि तिच्या मैत्रिणीला मिळून एक प्रोजेक्ट दिला आहे : हवामान खात्याच्या फायलींतून आपल्या भागाचा रोजचा पाऊस काढायचा. सुरुवात म्हणून दोघींनी २६ जुलै २००५ हा दिवस घेतला. वर्षातला २०७ वा दिवस. मुलीने सायलॅबमध्ये २०७ घातले, तर पाऊस आला अगदी किरकोळ. मैत्रिणीने पायथनमध्ये तेच २०७ घातले, तर पावसाचा डोंगर. फाईल एक, आकडा एक, उत्तरं दोन. आणि दोन्ही प्रोग्रॅम हूं की चूं न करता चालले! त्यांचे सर म्हणाले, ‘हाताने आकडे घालू नका, अ‍ॅरेच्या हद्दी सांभाळणारी एखादी लहानशी लायब्ररी वापरा.’ मला विचारायचं ते असं. दोघींपैकी बरोबर कोण? एवढ्या हुशार यंत्राला आपली यादी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, एवढंही कळत नाही का? आणि शून्यापासून मोजायचं हे खूळ आलं कुठून?
ता. क. आमच्याकडे गणपती दहा दिवसांचा की अकरा, यावर दरवर्षी वाद होतो. तोही याच जातीचा का?
— एक वाचक, दहिसर (पूर्व)

उत्तर : आधी निकाल सांगतो. बरोबर कुणीच नाही. मुलीची चूक एक, मैत्रिणीच्या चुका दोन. आणि दोन चुका करणारीलाच पाऊस सापडला.

२६ जुलैचा तो पाऊस दुपारी सुरू झाला आणि रात्रभर कोसळला, हे दहिसर नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस आपल्यासारखा मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो. साडेआठला पर्जन्यमापक बघायचा, मागच्या चोवीस तासांत साठलेलं पाणी मोजायचं आणि त्या सकाळच्या तारखेला लिहून ठेवायचं. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेला तो प्रसिद्ध ९४४ मिलिमीटरचा आकडा (त्याच चोवीस तासांत कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नव्हता) त्यामुळे बसला आहे २७ जुलैच्या घरात. २६ जुलैच्या घरात २५ तारखेच्या सकाळपासून २६ तारखेच्या सकाळपर्यंतचा पाऊस आहे. तुमच्या मुलीने नेमकं २६ तारखेचं घर उघडलं आणि तिथे जे होतं तेच तिला मिळालं. साडेआठची रीत माहीत नव्हती, एवढीच तिची चूक.

मैत्रिणीलाही ती रीत माहीत नव्हती. वर तिने २०७ हा आकडा पायथनला दिला. सायलॅबमध्ये पहिल्या घराचा क्रमांक एक असतो, पायथनमध्ये शून्य. म्हणजे पायथनचं २०७ क्रमांकाचं घर हे मोजणीने २०८ वं, आणि २००५ सालचा २०८ वा दिवस म्हणजे २७ जुलै. एका चुकीने तिला एक दिवस मागे ठेवलं, दुसरीने एक दिवस पुढे ढकललं, आणि ती बरोबर पावसात जाऊन उभी राहिली. अशा बरोबर उत्तराचा मला चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त धाक वाटतो. चुकीचं उत्तर बघून माणूस निदान डोकं खाजवतो. हे उत्तर अहवालात गेलं असतं, आणि पुढे तिने २००४ साल घेतलं असतं तर तिथे फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा, सगळी घरं एकाने सरकलेली. तेव्हा काय चुकलं हे शोधायला बसली असती, तर आधीचं बरोबर कसं आलं होतं हेही तिला सांगता आलं नसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अ‍ॅरे म्हणजे एका रांगेतली सारख्या मापाची घरं, प्रत्येकात एक आकडा. पोस्टाच्या कचेरीत पत्रं लावायला लाकडी खण असतात तसे. यंत्राच्या मेमरीत मात्र या रांगेला कडेची फळी नसते. आपला शेवटचा खण संपला की लगेच दुसऱ्या कुणाचा तरी पहिला खण सुरू होतो. सी भाषेत अ‍ॅरे एखाद्या फंक्शनकडे सोपवला की सोबत फक्त पहिल्या घराचा पत्ता जातो. घरं किती, हे जात नाही. जमिनीच्या व्यवहाराशी ताडून पाहा. खरेदीखतात ‘चतुःसीमा येणेप्रमाणे’ म्हणून पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक असं लिहिलेलं असतं. सी-मध्ये जमीन आहे, एका कोपऱ्याचा दगड आहे आणि चतुःसीमेचा परिच्छेद गाळलेला आहे. नांगर कुठे थांबवायचा हे नांगरणाऱ्याने लक्षात ठेवायचं. नाही थांबला तर शेजाऱ्याच्या शेतात नांगर, आणि शेजारी त्या वेळी घरी नसतो.

हे किती महागात पडतं याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे, फक्त त्याचं कारण अ‍ॅरे आहे हे कुणी सांगितलं नाही. १९ जुलै २०२४ ला जगभरचे संगणक निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅममध्ये वीस आकड्यांची सोय होती आणि नव्याने आलेल्या माहितीने एकविसावा मागितला. प्रोग्रॅमने एकविसाव्या खणात हात घातला. तो खण त्याचा नव्हताच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं बसली. खरं तर हा सुदैवाचा प्रकार म्हणायचा, कारण यंत्र कोसळलं म्हणून कळलं तरी. शास्त्रीय गणितात बहुतेक वेळा कोसळत नाही, शेजारच्या खणातला आकडा येतो आणि तोही पावसासारखाच दिसतो.

वेगवेगळ्या भाषांचा याबाबतीतला स्वभाव वेगवेगळा आहे, आणि मुलींना तो ठाऊक असलेला बरा. सायलॅबमध्ये ३६५ घरांतून ४०० वं घर वाचायला गेलात तर तो अडवतो. पण ४०० व्या घरात काही लिहायला गेलात तर अडवत नाही, निमूटपणे रांग वाढवतो आणि मधल्या घरांत शून्यं भरतो. चौतीस कोरडे दिवस फुकट मिळतात. पायथन शेवटाच्या पुढे गेलं की ओरडतो. मात्र शून्याच्या मागे गेलं तर ओरडत नाही, कारण तिथे उणे एक म्हणजे शेवटचं घर असा संकेत आहे. आता समजा मैत्रिणीने ‘आदल्या दिवशीपेक्षा पाऊस किती वाढला’ असा हिशेब लिहिला. १ जानेवारीची पाळी आली की आदला दिवस उणे एक, म्हणजे ३१ डिसेंबर. बरोबरच वाटतं ना? पण तो त्याच वर्षाचा ३१ डिसेंबर, जो यायला अजून वर्ष आहे! तीनशे पासष्ट दिवसांतला एकच दिवस चुकतो, आणि मुंबईत त्या दोन्ही दिवशी बहुधा शून्यच पाऊस असतो, म्हणून कधीच पकडला जात नाही. तमिळनाडूच्या फायलीवर तोच प्रोग्रॅम चालवला, तर मात्र तिथे डिसेंबरातही पाऊस असतो.

शून्याचं खूळ कुठून आलं? सी-च्या आजोबा भाषेकडून, म्हणजे १९६७ च्या बीसीपीएलकडून. तिथे क्रमांकाचा अर्थ ‘कितवं घर’ असा नसून ‘पहिल्या घरापासून किती घरं पुढे’ असा होता. पहिलं घर स्वतःपासून शून्य घरं पुढे. आपल्या इमारतीत तळमजला असतो आणि त्याच्या डोक्यावर पहिला मजला, तसंच हे. लिफ्टमध्ये शून्याचं बटण दाबताना आपल्याला कुणाला ते खूळ वाटत नाही. मुलाला ‘पाचवं लागलं’ म्हणतो तेव्हाही तो चारच वर्षांचा झालेला असतो. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ ला एक छोटेखानी टिपण लिहून या पद्धतीची बाजू मांडली. सुरुवातीचा आकडा धरावा, शेवटचा धरू नये, म्हणजे वजाबाकी केली की थेट संख्या मिळते आणि एक तुकडा संपतो तिथेच पुढचा सुरू होतो. मुद्दा मला पटतो. पण फॉरट्रान ही भाषा १९५७ पासून एकापासून मोजतेय आणि जगाचं हवामान त्यावर चालतंय, तेव्हा याला वेडेपणा म्हणायचं धाडस मी करणार नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, त्यावर शिकलेली मुंबईची पहिली पिढी फॉरट्रानवाली. आता पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पामुळे सायलॅब कॉलेजाकॉलेजांत पोचलं आहे, तेही एकापासून. नोकरी मागायला जायचं तर पायथन, तो शून्यापासून. एकाच बाकावरच्या दोन मुली दोन वेगळ्या घराण्यांत शिकतात, मग असं व्हायचंच.

फॉरट्रानचं एक वैशिष्ट्य मात्र आवर्जून सांगतो, कारण सरांच्या लायब्ररीचं मूळ तिथे आहे. १९७७ च्या फॉरट्रानपासून पहिल्या घराचा क्रमांक तुम्ही ठरवू शकता. पाऊस(१९०१:२०२४) असं लिहिलं की १९०१ साल हाच पहिल्या घराचा क्रमांक. एक नाही, शून्य नाही. पुण्याला पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत चालणाऱ्या प्रारूपांसारख्या ठिकाणी याचा रोज उपयोग होतो. तिथे सगळ्या नकाशाचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका प्रोसेसरकडे देतात. आपल्या कडेला काय चाललंय हे समजायला शेजाऱ्याच्या कडेचा एक पट्टा प्रत्येकाला जवळ ठेवावा लागतो, बांधापलीकडची एक ओळ. स्वतःचा तुकडा ५१ ते १०० असेल तर अ‍ॅरे ५० ते १०१ चा. राखायची हद्द वेगळी आणि पाहायची हद्द वेगळी. हे सगळं एकापासून मोजायला लागलं तर माणूस दुपारपर्यंत वेडा होईल.

मूळ कामाकडे येतो, म्हणजे दहिसरकडे. हवामान खात्याने देशभरच्या नोंदींवरून पावसाचं एक जाळं केलं आहे. पाव-पाव अंशावर एक बिंदू, रेखांश ६६.५ ते १००, अक्षांश ६.५ ते ३८.५. मुलींच्या हातात हीच फाईल असणार. रेखांशाचे बिंदू किती? १०० वजा ६६.५ म्हणजे ३३.५, त्याला पावने भागलं की १३४. उत्तर १३५. इथे बरेच लोक पडतात. १३४ ही मधली अंतरं आहेत, बिंदू एकाने जास्त. बोरिवली ते विरार सात टप्पे पण स्टेशनं आठ : बोरिवली, दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार. आपल्या भाषेला हा घोळ जुना आहे. सात दिवसांच्या मुदतीला आपण आठवडा म्हणतो, कारण सोमवारी सांगून पुढच्या सोमवारी येणारा माणूस दोन्ही सोमवार धरून आठ मोजतो. मराठीने दोन्ही खांब मोजले, पंचांगाने मधली अंतरं, आणि शेकडो वर्षं कुणाचं अडलं नाही. प्रोग्रॅमचं अडतं.

दहिसर स्टेशन साधारण १९.२५ अक्षांशावर आणि ७२.८६ रेखांशावर आहे. जाळ्यातला सगळ्यात जवळचा बिंदू १९.२५, ७२.७५. उत्तनजवळच्या किनाऱ्याला लागून. एकापासून मोजलं तर रेखांशाचा २६ वा, अक्षांशाचा ५२ वा. शून्यापासून मोजलं तर २५ आणि ५१. आता एकाची चूक करून पाहू. रेखांशात एक घर पूर्वेला सरकलात तर ठाणे-भिवंडीकडचा पाऊस दहिसरच्या नावावर लागेल. पश्चिमेला सरकलात तर भर समुद्र, तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘इथे मोजणी नाही’. अक्षांशात एक घर वर गेलात तर विरारच्या पलीकडे, खाली आलात तर दादरच्या रांगेत. एक घर म्हणजे इथे सव्वीस ते अठ्ठावीस किलोमीटर. उणे ९९९ चं घर सरासरीत धरलं गेलं तर पाऊस उणे येतो. ते उत्तम, कारण उणे पाऊस बघून कुणालाही शंका येते. भिवंडीचा पाऊस बघून कुणाला शंका येणार?

याहून वाईट एक चूक आहे, आणि तिथे हद्दीची तपासणीही कामाला येत नाही. फॉरट्रानमध्ये ही फाईल पाऊस(रेखांश, अक्षांश, दिवस) अशी वाचतात. पायथनमध्ये क्रम नेमका उलटा, दिवस आधी आणि रेखांश शेवटी. घाईत २६ आणि ५२ यांची अदलाबदल झाली तर? दोन्ही आकडे दोन्ही हद्दींच्या आत आहेत, नाक्यावरचा शिपाई हटकणार नाही. पण रेखांशाचा ५२ वा बिंदू ७९.२५ आणि अक्षांशाचा २६ वा १२.७५. हे ठिकाण तमिळनाडूत येतं, आरणी गावाच्या जवळपास. दहिसरचा पाऊस म्हणून तुम्ही आरणीचा पाऊस मोजता, आणि तो जुलैत थोडा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरपूर. अहवालात लगेच वाक्य येईल की दहिसरचा मान्सून पुढे सरकला आहे. वर्तमानपत्रातही येईल.

सरांनी लायब्ररी सांगितली ती यासाठी. असल्या लायब्ररीत फार काही नसतं, शे-दीडशे ओळींत मुलीच ती लिहू शकतील. अ‍ॅरेला त्याची चतुःसीमा कायमची चिकटवायची : कुठून सुरू, कुठे शेवट, किती-किती अंतराने, आणि कुठल्या बाजूला कोणतं नाव. मग घराचा क्रमांक कुणी विचारायचाच नाही. ‘अक्षांश १९.२५, रेखांश ७२.७५, तारीख २७ जुलै २००५’ असं नाव घेऊन मागायचं, क्रमांक लायब्ररी काढेल. एक आहे की शून्य आहे हा वाद तिच्या पोटात राहील, बाहेर येणार नाही. हद्दीबाहेरचं काही मागितलं तर तिने थांबायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या : कोणत्या बाजूला चुकलात, काय मागितलंत, कुठपासून कुठपर्यंत मिळू शकतं. नुसतं ‘एरर’ म्हणणं म्हणजे नाक्यावर गाडी अडवून कागद कुठला कमी आहे ते न सांगणं. तुम्हाला तो प्रकार माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि अ‍ॅरेभर फिरायचं असेल तर ‘एक ते ३६५’ असं कुणी लिहायचं नाही. ‘तुझी पहिली तारीख ते तुझी शेवटची तारीख’ असं अ‍ॅरेलाच विचारायचं. लीप वर्ष आपोआप सांभाळलं जातं.

तयार हवी असेल तर पायथनसाठी आयएमडीलिब नावाची लहानशी मोफत लायब्ररी आहे. ती हवामान खात्याच्या याच फायली वाचते आणि एक्सअ‍ॅरे या मोठ्या लायब्ररीच्या साच्यात ओतून देते, तिथे अक्षांश-रेखांश नावाने मागता येतात. एक खोच सांगून ठेवतो. एक्सअ‍ॅरेला ‘जवळचा बिंदू दे’ म्हटलं की ती जवळचा बिंदू देतेच, तो कितीही लांब असो. अक्षांश-रेखांश उलटे दिलेत तर जाळ्याच्या वायव्य कोपऱ्यातला, उझबेकिस्तानातला बिंदू ती शांतपणे काढून देईल. ‘पाव अंशापेक्षा लांब असेल तर नको’ अशी मर्यादा तिला आपण सांगावी लागते. लायब्ररी आणली म्हणजे नाका बसला असं नाही, नाक्यावर माणूसही बसवावा लागतो. (जाता जाता : पायथन ३ मध्ये अ‍ॅरेचं नाव देवनागरीत ‘पाऊस’ असं खरोखर ठेवता येतं. आकडे मात्र इंग्रजीच लागतात.)

तपासणीने प्रोग्रॅम हळू होतो, ही तक्रार तुम्हाला ऐकू येईलच. जकात होती तेव्हा नाक्यावरचे ट्रकवालेही हेच म्हणायचे, नाही का? होतो हळू, थोडासा. प्रत्येक वेळी एक-दोन तुलना वाढतात, आणि त्यातल्या पुष्कळशा कंपायलर (आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) आधीच एकदम उरकून टाकतो. ब्रिटनचे टोनी होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात एक हकिगत सांगितली होती. साठच्या दशकात त्यांच्या गटाने केलेला अल्गॉल भाषेचा कंपायलर प्रत्येक घराचा क्रमांक तपासायचा. काही वर्षांनी त्यांनी गिऱ्हाइकांना विचारलं, वेगासाठी ही तपासणी बंद करायची सोय देऊ का? सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं. अशा चुका आपल्याकडून किती होतात हे त्यांना तोवर कळून चुकलं होतं.

नव्यांना ते पुन्हा शिकावं लागतं. २०१२ मध्ये ज्युलिया ही शास्त्रीय गणिताची भाषा आली, तिच्या चार कर्त्यांपैकी विरल शाह हे भारतीय. ज्युलिया एकापासून मोजते, पण ऑफसेटअ‍ॅरेज नावाची एक छोटी लायब्ररी घेतली की अ‍ॅरे उणे पाचापासूनही सुरू करता येतो. त्याच भाषेत एक शब्द असाही आहे की तो लिहिला की तेवढ्यापुरती हद्दीची तपासणी बंद. २०२४ च्या ऑक्टोबरपासून दहिसरच्या टोलवर हलक्या वाहनांना ‘जाऊ द्या’ म्हणतात, त्या धर्तीवर. दोन्ही सोयी आपापल्या जागी चांगल्या. पण ज्यांनी ‘पहिलं घर एकच असणार’ असं गृहीत धरून तपासणी बंद केली होती, त्यांच्या कोडमध्ये उणे पाचापासून सुरू होणारा अ‍ॅरे शिरला, आणि काही ठिकाणी उत्तरं गुपचूप चुकली. लायब्ररीत खोट नव्हती. तिच्याभोवतीचे लोक अजून ‘एक ते शेवट’ असंच लिहीत होते.

मुलींना एवढं सांगा. फॉरट्रानमध्ये काम केलं तर हद्द तपासायचा पर्याय कंपायलरमध्ये असतो, तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. लायब्ररी लिहून झाली की आधी तिला बरोबर प्रश्न विचारू नका, चुकीचे विचारा : ३२ जुलै, २९ फेब्रुवारी २००५, अक्षांश ७२.८६. तिन्हींना तिने अडवलं तरच २७ जुलैचा पाऊस मागा. आणि जो आकडा येईल तो ९४४ नसेल म्हणून घाबरू नका. जाळ्यातला आकडा आसपासच्या अनेक पर्जन्यमापकांवरून काढलेला असतो, एकट्या सांताक्रूझचा नसतो.

राहिला ता. क. होय, वाद त्याच जातीचा. चतुर्थी ते चतुर्दशी : चौदातून चार गेले दहा, दोन्ही टोकं धरली तर अकरा. पण इथे अजून एक गंमत आहे. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, म्हणून तारखा मोजल्या तर दरवर्षी उत्तर सारखं येत नाही. २०२३ मध्ये १९ ते २८ सप्टेंबर, दोन्ही दिवस धरून दहा. २०२४ मध्ये ७ ते १७ सप्टेंबर, अकरा. घरात जो दहा म्हणतो तो एका वर्षी बरोबर असतो, अकरा म्हणणारा दुसऱ्या वर्षी. यंदाचा निकाल पंचांगातल्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेवरून लावा, आणि मखरवाल्याने मखर किती दिवसांसाठी हवं ते विचारण्याआधी लावा.